पहिले दोन तांबे

फिटरला सगळं गाव दोनतांबे म्हणायचं. नव्याने राहायला आलेल्यांना ते त्याचं आडनावच वाटायचं, आणि एकदोन पत्रं तर त्याच नावाने येऊन त्याला बिनचूक मिळालीही होती. मूळ गोष्ट अगदी साधी. कुणाच्या घरी लाकडाच्या शेगडीत पाण्याच्या नळीचं वेटोळं बसवायचं, वरच्या टाकीला नळ्या जोडायच्या आणि सगळं झालं की तोटी सोडायची. घरातली बाई लगबगीने पुढे होऊन पाण्याखाली हात धरायची आणि तोंड वाकडं करून म्हणायची, "अहो, हे तर गारच आहे!" मग हा हातातला पाना खाली ठेवायचा आणि आयुष्यात पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात सांगायचा, "पहिले दोन तांबे सोडून द्या, बाई. नळीत उभं राहिलेलं पाणी आहे ते. गरम पाणी त्याच्या मागे रांगेत आहे." तिसऱ्या तांब्याला वाफ यायची, बाईचा चेहरा खुलायचा आणि फिटर चहा न घेताच निघायचा, कारण चहा घेतला की लोक आणखी चार गळक्या तोट्या दाखवतात हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

मात्र वेटोळं बसवायला तो सहजी तयार व्हायचा नाही. या बाबतीत तो इतका हट्टी होता की काही लोक त्याला वेडा म्हणत. त्याचं म्हणणं असं, की लाकडात उष्णता असते तेवढीच असते. पाण्याने घेतली की ती खोलीला मिळत नाही. तेव्हा शेगडी आधी खोलीची, उरलं तरच पाण्याची. म्हणून काम घेण्याआधी तो पिशवीतून तापमापक काढायचा, शेगडीच्या समोरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला टांगायचा, दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगायचा आणि शेगडी भरून पेटवायचा. दोन तासांत पारा बाविसाच्या वर गेला तर वेटोळं बसणार. नाही गेला तर पिशवी आवरून हा चालू लागणार, मग कुणी कितीही गळ घालो.

दुसरं एक काम तो न चुकता करायचा. शेगडीला हवा लागते, ती यायला त्याने दाराच्या पायथ्याशी एक जाळी बसवलेली असायची. घरातल्या बाईला तिथे बोलवून तो जाळीपुढे एक दोरा धरायचा. दोरा शेगडीकडे कलायचा. "बघा, हवा इथून आत येते आणि धूर धुराड्यातून वर जातो. ही जाळी बंद करू नका, म्हणजे खिडकी उघडी ठेवायची गरज नाही. बिनघोर झोपा." इतकं दाखवल्याशिवाय त्याने एकही घर सोडलं नाही. एक सोडून.

ते घर म्हणजे त्याचं स्वतःचं. एक मोठी खोली, तिच्या कोपऱ्यात स्वयंपाक आणि दोन पायऱ्या उतरून न्हाणीघर. मागच्या भिंतीला त्याने स्वतः जोडलेली शेगडी होती, जाड पत्र्याची, ठेंगणी, थोडक्या लाकडात भागवणारी. यापेक्षा मोठी बसवता आली नसती, कारण भिंतीतलं धुराडं मुळातच अरुंद होतं आणि मोठ्या शेगडीचा धूर त्यात मावला नसता. विजेच्या हीटरचं नावच नको, गल्लीतली वीज इस्त्रीसुद्धा जेमतेम पेलायची. तेव्हा अर्ध्या गावाच्या घरात गरम पाण्याच्या तोट्या लावणाऱ्या या माणसाच्या घरी पाणी पातेल्यात तापायचं. शेगडीवर पातेलं ठेवायचं, तापलं की फडक्याने धरून दोन पायऱ्या उतरायच्या आणि बादलीत ओतायचं. हे काम बायकोचं.

बायको शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. दोनशे पोरांची ताटं, तेवढ्याच वाट्या, आणि पाणी असं गार की बोटं आधी लाल व्हायची, मग पांढरी. चाळिशीतच तिच्या उजव्या हाताची बोटं सांध्यांत सुजायला लागली. घरी आल्यावर ती हात काखेत दाबून शेगडीपुढे बसायची.

"अहो, सगळ्या गावाला गरम पाणी देता," ती म्हणायची, "आपल्याकडेही एक तोटी लावा की."

"आपली शेगडी पुरायची नाही गं. खोली गारठेल."

"मोजून तरी बघा एकदा."

"मोजतो."

आणि तो खरंच मोजायचा. त्याच्या बाजूने एवढं सांगितलंच पाहिजे. तोंडदेखलं हो म्हणून विसरून जाणाऱ्यांतला तो नव्हता. दर वर्षी कडाक्याची थंडी पडली की एका संध्याकाळी तो शेगडी गच्च भरायचा, तापमापक खिडकीशेजारच्या खिळ्याला लावायचा आणि दोन तास समोर बसून राहायचा. पारा सतरावर येऊन थांबायचा. एखाद्या वर्षी अठरा. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने पेन्सिलीने हे आकडे लिहून ठेवले होते, एकाखाली एक, एकतीस हिवाळ्यांचे. बावीस कधीच नाही.

त्याने प्रयत्नही कमी केले नाहीत. भिंत गार आहे म्हणून दोनदा गिलावा केला. दाराच्या कडेला जाड कापडाची पट्टी ठोकली. एका रविवारी दिवसभर खपून खिडकीच्या चौकटीची एकूण एक फट पुट्टीने बुजवली. तेव्हा बायकोच पुट्टीचा डबा धरून शेजारी उभी होती. त्या वर्षी पारा सतरावरच राहिला. फिटरने तापमापकाला शिवी दिली आणि बायको स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली.

पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. फिटरला वाटलं, पटलं असेल तिला. पातेलं मात्र लहान होत गेलं. आधी मोठं पितळेचं होतं, ते माळ्यावर गेलं. मग मधलं अॅल्युमिनियमचं आलं. शेवटची तीनचार वर्षं ती एका दांड्याच्या पातेलीत पाणी तापवून पाच-सहा खेपा करायची. मोठं उचलत नव्हतं म्हणून. दुसऱ्याच्या घरातली तोटी थेंबभर गळली तरी ज्याला बाहेरून आवाज यायचा, त्याला हे दिसलं नाही. नवरे असेच असतात असं म्हणून सोडून देता येईल, पण फिटरने स्वतःला तेवढ्यावर कधी सोडलं नाही.

ऐन थंडीतल्या एका सकाळी तो बाहेर लाकडं फोडत होता. आतून पातेली पडल्याचा आवाज आला. असा आवाज घरात होतच असतो म्हणून त्याने हातातला ओंडका फोडून संपवला. मग गेला. बायको पायरीवर आडवी पडली होती, पाणी खालपर्यंत ओघळलं होतं आणि त्यातून अजून वाफ निघत होती. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ती काहीतरी सांगत होती, पण शब्द उमटत नव्हते.

तिची उजवी बाजू गेली होती. दवाखान्यात चारपाच दिवसांनी पाय थोडा हलायला लागला, बोलणंही जाड जाड का होईना पण कळायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी फिटरला आणि त्याच्या लेकीला बाहेर बोलावून सांगितलं.

"हात हळूहळू हलेल. पण स्पर्श परत येईलच असं नाही, ते आत्ताच सांगून ठेवते. रोज दोन वेळा वाहत्या कोमट पाण्याखाली हात धरून चोळायचा. आणि जपायचं. भाजलं तरी त्यांना कळणार नाही."

लेक मोठ्या शहरात राहायची, आईचं कळताच धावत आली होती. ती बापासारखीच, मनात येईल ते तोंडावर बोलणारी. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिने विषय काढला.

"बाबा, आईला मी घेऊन जाते."

"कुठे?"

"माझ्याकडे. तिथे तोटी फिरवली की गरम पाणी येतं. इथे रोज तिचं अंग पुसायचं, चादरी धुवायच्या, हात शेकायचा, एवढं पाणी वाहणार कोण? तुमचे गुडघे? पायरीवर आता तुम्हीही पडायची वाट बघायची का मी?"

लेकीचं काही चुकत नव्हतं. पण आत खाटेवर पडलेल्या बायकोने ते ऐकलं होतं. ही दोघं आत गेली तेव्हा तिने डाव्या हाताने नवऱ्याची बाही धरली.

"घरी," ती म्हणाली. "मला आपल्या घरी."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लेकीने तोंड फिरवलं, डोळे पुसले आणि मग म्हणाली, "ठीक आहे. घरी गरम पाण्याची तोटी लावा. रविवारपर्यंत लागली तर मी स्वतः आईला तिथे आणून सोडते. नाही लागली तर ती माझ्याबरोबर येणार. मग कुणी रडायचं नाही."

रविवारला पाच दिवस होते. घरी परत येताना फिटरच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. वेटोळं बसवणं त्याला काय अवघड? डोळे मिटून बसवलं असतं. पण सतरा अंशांच्या खोलीतली उष्णता पाण्याला दिली तर उरणार किती? बारा? तेरा? आणि त्या खोलीत ती दिवसभर पडून राहणार. पाणी दिलं तर खोली जाणार, खोली राखली तर बायको जाणार, लेकीच्या घरी, चौथ्या मजल्यावर, जिथे ती कुणालाच ओळखत नव्हती. एकतीस वर्षं लोकांना नाही म्हणताना त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आता स्वतःलाच नाही म्हणायची वेळ आली होती, आणि त्याला ते जमेना.

घर दवाखान्याच्या धावपळीत बंदच होतं. आत शिरला तर श्वासाची वाफ दिसत होती. तिन्हीसांज व्हायला आली होती. त्याने तापमापक खिळ्याला टांगला, शेगडी भरली आणि पेटवली. उत्तर त्याला ठाऊकच होतं. तरी माणूस हरवलेली वस्तू पुन्हा पुन्हा त्याच खणात शोधतो, तसं त्याचं झालं होतं. खुर्ची ओढून तो समोर बसला.

तासाभरात त्याने स्वेटर काढला. आपल्याला ताप आलाय की काय असं त्याला वाटलं. उठून पारा बघितला तर वीस. त्याने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वीसच. दीड तासाने बावीस झाला आणि दोन तास भरले तेव्हा चोवीस. शेगडी अजून निम्मीही जळली नव्हती.

तापमापक बिघडला, दुसरं काय. फिटर अंगणात गेला, बादलीवरचा बर्फ फोडला, त्या बर्फाच्या पाण्यात तापमापक बुडवून उभा राहिला. पारा शून्यावर येऊन नेमका थांबला. तापमापक ठणठणीत होता. मग बदललं काय? लाकूड तेच, शेगडी तीच, आणि थंडी तर गेल्या वर्षीपेक्षा जास्तच. खोलीत एकच गोष्ट कमी होती. बायको नव्हती. पण माणूस खोलीत नसलं म्हणून खोली जास्त तापते, असं त्याच्या सबंध आयुष्यात कुठे घडलं नव्हतं.

खोलीत आता गुदमरायला होत होतं. हवा यावी म्हणून तो खिडकीशी गेला आणि जाड पडदा बाजूला सारला. हा पडदा बायकोने शिवला होता आणि तो उघडायचं-लावायचं कामही तिचंच असे. खिडकीच्या अगदी वर एक छोटं तावदान होतं, बिजागरीवर बाहेर उघडणारं. ते बंद होतं. त्याच्याखालच्या फळीवर दोऱ्याचं एक रिकामं लाकडी रीळ ठेवलेलं होतं.

फिटरने रीळ हातात घेतलं. त्याच्या मधोमध एक खाच पडली होती. त्याने तावदान ढकललं, रीळ फटीत ठेवून बघितलं. तावदानाची कड खाचेत अलगद बसली. चार बोटं फट राहिली आणि बाहेरची बर्फासारखी हवा त्याच्या कपाळावरून सरळ खाली, शेजारच्या तापमापकाच्या खिळ्यावर आली. चौकटीवर जिथे रीळ टेकत होतं, तिथला रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. फिटरला झीज वाचता येत होती. वायसर बघून तोटी किती वर्षं वापरात आहे ते तो सांगायचा. ही झीज एकदोन वर्षांची नव्हती. एवढी झीज व्हायला एक आयुष्य लागतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने ते रीळ लेकीपुढे धरलं. लेकीने ते लगेच ओळखलं. चोरी पकडली गेल्यासारखी ती हसली, आणि बापाचा चेहरा बघून हसायची थांबली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मी चौथीत होते तेव्हापासून तर नक्की. शेगडी पेटली की आई पडद्याआडून तावदान उघडायची आणि सकाळी तुम्ही उठायच्या आत लावायची. मला म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस."

"का पण?"

"का म्हणजे? तुम्हीच ना रोज जेवताना सांगायचात? अमक्याचं धुराडं तुंबलं, तमक्याच्या घरी हवा नव्हती. ते पाववाले नवरा-बायको बंद खोलीत धुराने झोपेतच गेले, ते तर तुम्ही किती वेळा सांगितलंत. मी ताटावरून उठून जायचे. आई ऐकत बसायची आणि घाबरायची."

"अगं पण दाराखाली जाळी आहे! हवा तिथून येते! मी घरोघरी दोरा धरून..." त्याचा आवाज चढला आणि एकदम बसला.

"आपल्या घरी धरलात का कधी?" लेकीने विचारलं. तिला टोचायचं नव्हतं, ती खरंच विचारत होती.

फिटरला आठवेना. मग आठवलं, की नाही धरला. फिटरच्या बायकोला काय दाखवायचं, तिला ठाऊकच असणार, असं तो धरून चालला होता.

"मग मला बोलली का नाही ती?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. फिटरच्या बायकोलाच फिटरच्या शेगडीची भीती वाटते हे बाहेर कळलं तर तुम्हाला काम कोण देणार, असं म्हणायची. तुमच्या हातावर तिचा विश्वास नाही, असं तुम्हाला वाटू नये म्हणून." लेकीने रीळ परत त्याच्या हातात ठेवलं. "गरम पाण्याचं आणि या खिडकीचं काही नातं आहे हे तिला कुठे माहीत होतं, बाबा? मलासुद्धा नव्हतं."

त्या दिवशी फिटर आत बायकोजवळ गेला नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिला आणि रडला. पुट्टीचा डबा धरून उभी असताना तिने एकदा वर बघितलं होतं, ते त्याला आता आठवलं. तेव्हा तिला बोलायचं असणार. त्याने तेव्हा तिला म्हटलं होतं, डबा जरा जवळ आण. एकतीस हिवाळे तिच्या हाताला लागणारं गरम पाणी त्या चार बोटांच्या फटीतून बाहेर जात होतं, आणि हा समोर खुर्ची टाकून, पेन्सिल घेऊन, ते मोजत बसला होता. तावदान बंद असतं तर पहिल्या वर्षी मोजलं होतं तेव्हाच पारा बाविसाच्या वर गेला असता. तेव्हा तिची बोटं सरळ होती.

मग तो उठला, कारण रविवारला चार दिवस उरले होते.

इतक्या काळजीने त्याने आयुष्यात काम केलं नव्हतं. तांब्याची नळी त्याने स्वतः वाकवून वेटोळं केलं, शेगडीच्या मागच्या बाजूला बसवलं. टाकी न्हाणीघराच्या वर चढवताना गुडघे बोंबलत होते, त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. टाकीतून उघड्या तोंडाची एक नळी छपराबाहेर काढली, पाणी उकळलंच तर वाफेला मोकळी वाट हवी म्हणून. लोकांकडे तो प्रत्येक जोड एकदा तपासायचा, इथे तीनदा तपासला. न्हाणीघरातली तोटी झाल्यावर तो थांबला नाही. तिला पायऱ्या उतरायला लागू नयेत म्हणून आणखी एक नळी भिंतीच्या कडेने ओढून खोलीत आणली आणि तिच्या खुर्चीच्या बरोबर उंचीला गार-गरम दोन तोट्यांचं, एकाच तोंडाचं बेसिन बसवलं. गरम पाण्याची सगळ्यात लांब नळी तीच झाली. तावदान बंद ठेवून शनिवारी शेगडी पेटवली. पाणी तापत असताना खोली एकवीसवर राहिली. कपाटाच्या दाराच्या आत त्याने तो आकडा मात्र लिहिला नाही.

रविवारी लेकीने शब्द पाळला. दोघांनी मिळून तिला आत आणलं, खुर्चीत बसवलं, पायांवर शाल टाकली. बायकोने खोलीभर नजर फिरवली. शेगडीकडे बघितलं, भिंतीवरच्या नळीकडे बघितलं, आणि मग पडद्याकडे. तिचा चेहरा जरासा कावराबावरा झाला. लेक लगेच सामान आणायच्या निमित्ताने बाहेर गेली.

फिटरने तिला काही विचारलं नाही. विचारायचे चार-पाच प्रश्न त्याने रात्रंदिवस घोटून ठेवले होते, ते सगळे गिळले. दोऱ्याचा एक तुकडा घेतला, दाराच्या पायथ्याशी कसाबसा उकिडवा बसला आणि जाळीपुढे दोरा धरला. दोरा शेगडीकडे कलला.

"बघ," तो म्हणाला, "हवा इथून आत येते. धूर वर जातो. ही जाळी उघडी आहे तोवर खिडकी बंद असली तरी चालते. बिनघोर झोपायचं."

ती त्या दोऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"हे मला आधी..." ती जड जिभेने म्हणाली आणि थांबली.

"हो," फिटर म्हणाला. "चुकलंच माझं."

दार धरून तो उठला. तिची खुर्ची बेसिनजवळ सरकवली. तिने आपण होऊन उजवा हात पुढे करायचा प्रयत्न केला. डावा चांगला होता, पण आयुष्यभर दुखला होता तो उजवा. फिटरने तो मनगटाखाली धरून तोटीखाली नेला आणि तोटी सोडली. पाणी धो धो आलं, सुजलेल्या, वाकड्या बोटांवरून वाहायला लागलं. बायकोने डोळे मिटले. तिच्या ओढल्या गेलेल्या तोंडावर हसू आलं, जेवढं येऊ शकत होतं तेवढं.

"किती छान गरम आहे हो," ती म्हणाली.

फिटरची बोटं तिच्या मनगटाखालीच होती. त्यांच्यावरून पाणी वाहत होतं, बर्फासारखं गार. अजून पहिला तांब्यासुद्धा झाला नव्हता.

गावातल्या प्रत्येक बाईला जे वाक्य त्याने ऐकवलं होतं, ते त्याच्या ओठांवर आलं. त्याने ते बाहेर पडू दिलं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हाही त्याला मनातून वाटत होतं, येईल स्पर्श, थोडा थोडा येईल. आता त्याला कळलं. आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ती आत्ताही काय करते आहे, तेही कळलं.

"हो," तो म्हणाला. "चांगलं गरम आहे."

तो तसाच वाकून उभा राहिला. एक तांब्या गेला, दुसरा गेला. मग पाणी कोमट झालं, मग गरम, मग आणखी गरम. तिने हात हलवला नाही. फिटरने दुसऱ्या हाताने गार पाण्याची तोटी थोडी सोडली आणि आपला हात तिच्या हाताखाली तसाच ठेवला.